फुटला, फोडला आणि माझ्या हातून फुटला

गेल्या पावसाळ्यात ताईकडे गेले होते तेव्हाची गोष्ट. भाचा सहा वर्षांचा आहे. शेजारची त्याच्याच वर्गातली मुलगी तिची चित्रकलेची वही घेऊन खेळायला आली होती. दोघं जमिनीवर पसरून रंगवत होते. थोड्या वेळाने ती जेवायला घरी गेली आणि वही तिथेच राहिली. मग ब्रश बुडवायचा पेला कलंडला आणि हिरवट-करडं पाणी तिच्या माशाच्या चित्रावरून थेट पुढच्या चार पानांपर्यंत झिरपलं. ती मुलगी परत आली, तिने वही उचलली आणि तिचा चेहरा पडला. ताई आतून ओरडली, "सॉरी म्हण तिला!" भाच्याने मान वर न करता "सॉरी" म्हटलं आणि पुन्हा रंगवायला लागला. मुलगी हलेना. तिचे डोळे भरून आले होते. तेव्हा तो वैतागून म्हणाला, "सॉरी म्हटलं ना मी! आणि मी काय केलं? पाणी सांडलं."

त्याच्या दृष्टीने हिशेब पूर्ण झाला होता. ठरलेला शब्द ठरलेल्या वेळी उच्चारला, पावती मिळायला हवी होती. ती मिळत नाही म्हटल्यावर त्याला अन्याय झाल्यासारखं वाटलं. आम्ही मोठ्यांनी त्याला जे शिकवलं होतं ते त्याने अचूक केलं होतं, त्यामुळे चुकलं असलं तर शिकवण्यातच काहीतरी.

हा लेख मुलांना कसं वाढवावं याबद्दल नाही. मला मूल नाही आणि दुसऱ्यांच्या मुलांबद्दल सल्ले देणाऱ्या माणसांचा मला जरा धाकच वाटतो. मी सॉफ्टवेअर लिहिते. पण त्या संध्याकाळनंतर एक जुना इराणी सिनेमा मी तिसऱ्यांदा पाहिला आणि घरच्या कपाटातलं एक पुस्तक शाळेनंतर पहिल्यांदा उघडलं. लहान मुलाने आपल्या शब्दांची आणि कृतींची जबाबदारी घेणं म्हणजे नेमकं काय, हा प्रश्न घेऊन या दोन कलाकृतींकडे गेलं तर त्या काय सांगतात, तेवढंच इथे पाहायचं आहे.

*

आधी भाच्याचं ते वाक्य. "पाणी सांडलं."

मराठीत क्रियापदांच्या अशा जोड्याच आहेत. कप फुटतो किंवा कप फोडतात. कागद फाटतो किंवा फाडतात. पेन्सिल तुटते किंवा तोडतात. पहिल्या रूपात माणूसच नसतो, वस्तूला आपोआप काहीतरी होतं. दुसऱ्या रूपात माणूस असतो आणि त्याचा हेतूही असल्यासारखा वाटतो. 'सांडणे' तर त्याहून सोयीचं. त्याचं रूप दोन्हीकडे तेच राहतं, माणूस आला की 'ने' लागतो एवढाच फरक. मुलं हे व्याकरण फार लवकर शिकतात, कोणीही न शिकवता. स्वतःबद्दल बोलताना 'फुटला' आणि भावाबद्दल बोलताना 'त्याने फोडला'. आपण मोठे त्यांना खेचून दुसऱ्या रूपात आणायला बघतो, "फुटला नाही, तू फोडलास, कबूल कर." आणि मूल रडतं, कारण त्याच्या लेखी त्याने फोडलेला नसतोच. ते खोटं बोलत नसतं. त्याला फोडायचा नव्हता हे त्याला पक्कं ठाऊक असतं.

जीन पियाजे या स्विस मानसशास्त्रज्ञाने मुलांच्या नैतिक न्यायबुद्धीवरचं आपलं पुस्तक १९३२ साली प्रकाशित केलं. त्यातली कपांची गोष्ट प्रसिद्ध आहे. एका मुलाला जेवायला बोलावलं म्हणून तो दार उघडतो. दारामागे खुर्चीवर ट्रे ठेवलेला असतो, हे त्याला माहीत नसतं. धक्का लागून पंधरा कप फुटतात. दुसरा मुलगा आई बाहेर गेलेली असताना कपाटातला जॅम चोरून खायला जातो आणि त्याच्या हातून एक कप फुटतो. जास्त वाईट कोण? पियाजेच्या निरीक्षणात लहान मुलं बहुतेकदा पंधरावाल्याकडे बोट दाखवत आणि मोठी मुलं एकवाल्याकडे. म्हणजे लहानपणी नुकसान मोजलं जातं आणि हेतू मोजणं नंतर येतं. पियाजेचं म्हणणं असं की मोठ्यांच्या धाकातून आलेले नियम मुलाला बाहेरून लादल्यासारखे असतात. बरोबरीच्या मुलांशी खेळता-भांडता, देवघेव करता करता ते नियम त्याचे स्वतःचे होऊ लागतात.

पण नुकसान आणि हेतू या दोन मापांच्या मध्ये आणखी काहीतरी आहे, आणि मराठीत त्याला शब्द आहे याचा मला अलीकडे फार दिलासा वाटतो. 'माझ्या हातून फुटला.' यात कप आपोआप फुटत नाही आणि मी तो फोडतही नाही. हेतू माझा नव्हता, पण हात माझा होता. पंधरा कपांच्या गोष्टीतल्या निरपराध मुलाने काय करायचं, हा प्रश्न पियाजेने विचारलेला नाही. वाईट कोण, एवढंच त्याने विचारलं. दोषी नसलेल्या मुलानेही त्या खोलीत थांबून काचा गोळा करायला मदत करायची असते की नाही? मला जबाबदारीचा खरा प्रश्न तिथे दिसतो. अब्बास किआरोस्तमीने याच प्रश्नावर एक अख्खा सिनेमा केला आहे.

*

किआरोस्तमी जागतिक सिनेमातलं मोठं नाव होण्याच्या खूप आधीपासून तेहरानमधल्या 'कानून' नावाच्या संस्थेसाठी चित्रपट करत होता. मुलांच्या आणि तरुणांच्या बौद्धिक विकासासाठी स्थापन झालेली ती संस्था. तिथे त्याने १९७५ साली एक अगदी छोटा बोधपट केला, 'एका प्रश्नाची दोन उत्तरं'. दारा आणि नादेर हे दोन शाळकरी मित्र. दाराने नादेरची वही परत केली ती फाटलेली. पहिलं उत्तर असं, नादेर दाराची वस्तू फाडतो, मग दारा नादेरची मोडतो, आणि असं करत करत गोष्ट मारामारीपर्यंत जाते. दुसरं उत्तर असं, दारा गोंद आणतो आणि वही चिकटवून देतो. पाचेक मिनिटांत सिनेमा संपतो आणि दोघे मित्र राहतात.

मला हा लघुपट आवडतो, पण इंजिनिअरला आवडावा तसा. समस्या, दोन पर्याय, प्रत्येकाचा खर्च, निष्कर्ष. मूल तो पाहून गोंद आणायला शिकेल, आणि हे काही कमी नाही. आपण 'सॉरी म्हण' एवढ्यावरच थांबतो, हा निदान गोंदापर्यंत जातो. पण यात सगळं फार सोपं आहे. वही समोर, मित्र समोर, गोंद दप्तरात. दाराला थांबवायला कोणी नाही. खऱ्या आयुष्यात चूक दुरुस्त करायला निघालेल्या मुलाच्या वाटेत सगळ्यात मोठा अडथळा कोणाचा असतो? मोठ्या माणसांचा. हे त्या लघुपटात नाही. बारा वर्षांनी, १९८७ मध्ये, त्याच दिग्दर्शकाने पुन्हा दोन मुलं आणि एक वही घेतली आणि या वेळी मोठी माणसं आत येऊ दिली.

तो सिनेमा म्हणजे 'खाने-ये दूस्त कोजास्त', मित्राचं घर कुठे आहे. उत्तर इराणमधलं कोकेर हे खेडं. वर्गात मास्तर गृहपाठ तपासतायत. मोहम्मद रेझा नेमतझादे या मुलाने गृहपाठ वहीऐवजी सुट्या कागदावर केलाय आणि ही पहिली वेळ नाही. मास्तर कागद फाडतात आणि बजावतात, पुन्हा असं झालं तर शाळेतून काढून टाकीन. मुलगा रडतो. शेजारी बसलेला अहमद ते पाहतो. घरी गेल्यावर अहमदला कळतं की नेमतझादेची वही चुकून आपल्याच दप्तरात आली आहे, दोन्ही वह्यांचं कव्हर सारखंच. उद्या त्याच्याकडे वही नसेल. नेमतझादे राहतो पलीकडच्या पोश्ते गावात आणि त्याचं घर अहमदला माहीत नाही.

गोष्ट एवढीच आहे. दीड तासाहून कमी वेळात एक आठ वर्षांचा मुलगा वही परत करायला धावतो, टेकडीवरची नागमोडी वाट चढतो, उतरतो, परत येतो, पुन्हा चढतो. आणि घर त्याला सापडत नाही.

पहिल्यांदा पाहिला तेव्हा मी इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाला होते. तेव्हा मला तो निरागस वगैरे वाटला होता. मुलांचे इराणी सिनेमे म्हटलं की आपण तोच शब्द वापरतो. आता वाटतं, तो शब्द वापरून आपण स्वतःची सुटका करून घेतो. अहमद निरागस नाही. त्याच्याकडे त्या सबंध गावात सगळ्यात तीक्ष्ण नैतिक दृष्टी आहे आणि ती त्याला झोपू देत नाही.

त्याने काय केलं ते नीट पाहा. वही त्याने चोरली नाही, ती त्याच्या हातून आली. कोणाला काही माहीत नाही. गप्प बसला तर उद्या शिक्षा दुसऱ्याला होणार आणि याच्यापर्यंत काही येणार नाही. त्याला कोणी 'कबूल कर' म्हणत नाही, 'सॉरी म्हण' म्हणत नाही. सिनेमाभर तो एकदाही मित्राची माफी मागत नाही. माफी मागेल तरी कशी, मित्र सापडतच नाही. तरी जबाबदारीचं इतकं स्वच्छ चित्र मी दुसरीकडे पाहिलेलं नाही. कारण त्याची नजर मागे, कोणी केलं याकडे वळलेली नाही. ती पुढे आहे, उद्या सकाळी त्या मुलाचं काय होणार याकडे.

आता आई. अहमद तिला पुन्हा पुन्हा सांगतो की वही द्यायला जायचंय. आई कपडे धुण्यात, बाळाच्या रडण्यात बुडालेली आहे. ती म्हणते, आधी तुझा गृहपाठ कर. मग ब्रेड आणायला सांगते, मग पाळणा हलवायला. तिला वाटतं हा खेळायला जायची सबब शोधतोय. हा प्रसंग मला सगळ्यात वास्तव वाटतो, कारण ती वाईट आई नाही. ती प्रत्येक घरातली आई आहे. मुलाने ऐकावं हे तिला हवंय आणि मुलाने जबाबदार व्हावं हेही हवंय. या दोन गोष्टी एकमेकींच्या विरुद्ध जाऊ शकतात असा विचार करायला तिला उसंतच नाही. जबाबदार व्हायचं तर अहमदला तिचं न ऐकता पळावं लागतं. तो पळतो.

आणि आजोबा. गावात ओट्यावर बसलेला हा म्हातारा नातवाला सिगारेट आणायला पिटाळतो. सिगारेटी त्याच्याकडे आहेत, पण मुलाला शिस्त लागली पाहिजे. मग तो शेजाऱ्याला सांगतो की माझे वडील दर आठवड्याला मला एक नाणं देत आणि दर पंधरवड्याला मार देत. नाणं द्यायला ते कधी कधी विसरत, मार कधी विसरत नसत. शेजारी विचारतो, मुलाने काही चूक केलीच नसेल तर? आजोबा म्हणतात, काहीतरी निमित्त काढायचं, म्हणजे मुलगा विसरत नाही.

हसू येतं, आणि मग येत नाही. कारण 'वळण लावणं' म्हणतात ते आपल्याकडेही बरंचसं हेच असतं. वळण हा शब्दच बघा, हस्ताक्षराला वळण, वेलीला वळण. जे लावायचं ते बाहेरून. आपल्याकडे २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याच्या सतराव्या कलमाने शाळेतली शारीरिक शिक्षा आणि मानसिक छळ दोन्हींना बंदी घातली, ते उत्तमच झालं. पण आजोबांचं तत्त्व छडीत नव्हतंच. ते या समजुतीत होतं की आज्ञा पाळणं म्हणजेच जबाबदार असणं. छडी गेली तरी ती समजूत राहू शकते. 'सॉरी म्हण' ही त्या समजुतीची आजची, अहिंसक आवृत्ती. मुलाने चुकीकडे पाहण्याऐवजी आज्ञा देणाऱ्याकडे पाहायचं असतं. आजोबांसमोर अहमद उभा असतो आणि खरी जबाबदारी त्याच्या शर्टाआड, वहीच्या रूपात असते. आजोबांना ती दिसत नाही.

*

आता कपाटातलं पुस्तक. 'श्यामची आई' साने गुरुजींनी १९३३ साली नाशिकच्या तुरुंगात लिहिलं आणि १९३५ मध्ये ते प्रसिद्ध झालं. अत्र्यांच्या १९५३ च्या चित्रपटाला पहिलं राष्ट्रपती सुवर्णपदक मिळालं. या दोन्हींमुळे श्याम आपल्या घराघरांत मुलांच्या वळणाचा मापदंड होऊन बसला. माझ्या पिढीला तो आवडत नाही, किंवा आवडत नाही असं म्हणायची आम्हाला सवय आहे. फार रडवतो, आईला देव्हाऱ्यात बसवतो, ही तक्रार. ती सगळी खोटी नाही. पोहायला घाबरून लपलेल्या श्यामला आई मारून बाहेर काढते आणि नंतर त्याच्या वळांकडे बघून स्वतः कळवळते. आज हे वाचताना अंगावर काटा येतो. मूल चांगलं वागतं ते आईच्या डोळ्यांत पाणी येऊ नये म्हणून, असं अनेक ठिकाणी वाटतं. अशा चांगुलपणाची किल्ली कायम दुसऱ्याच्या हातात राहते. अहमदची आई त्याच्याकडे बघतही नाही, तरी तो धावतो. श्यामची आई बघणार नसेल तेव्हा श्याम काय करेल, ही शंका मला शाळेत होती.

पण या वेळी वाचताना दोन गोष्टी वेगळ्या दिसल्या. एक म्हणजे अळणी भाजीचा प्रसंग. आईने भाजीत मीठ घालायचं विसरलं. वडील काही न बोलता जेवले. आई शेवटी जेवायला बसली तेव्हा तिला कळलं आणि ती हळहळली. इथे मुलाला कोणी काही शिकवत नाहीये. चूक मोठ्या माणसाच्या हातून झाली आहे, आणि दुसरं मोठं माणूस ती कशी घेतं, जिची चूक ती कशी घेते, हे मूल पाटावर बसून बघतंय. वडिलांचं गप्प राहणं योग्य की अयोग्य यावर वाद घालता येईल. पण या घरात चूक ही दडवायची वस्तू नाही, हे मुलाला कळतं.

दुसरी गोष्ट पुस्तकाच्या रचनेची. हे आपण नेहमी विसरतो की श्यामची गोष्ट लहान श्याम सांगत नाही. मोठा झालेला श्याम आश्रमात रोज रात्री मित्रांना सांगतो. आणि तो सांगतो काय? मी कळ्या तोडत असे. मी घाबरून लपलो. मोठा होण्यासाठी मी चोरी केली. रात्रीमागून रात्र एक प्रौढ माणूस आपल्या लहानपणीच्या चुका, कोणी विचारलं नसताना, चारचौघांत 'मी' हा कर्ता लावून सांगतो. पुस्तकातल्या आईच्या उपदेशापेक्षा मला ही चौकट जास्त मोलाची वाटते. मुलांच्या हातात हे पुस्तक देताना आपण त्यांना म्हणतो, श्यामसारखा हो. मोठ्यांनी निवेदक श्यामसारखं व्हावं असं कोणी म्हणत नाही.

*

इथे मला माझं सांगावं लागेल, नाहीतर वरचं सगळं दुसऱ्यांच्या पदरात घालून मी मोकळी होते.

आमच्या क्षेत्रात मोठा बिघाड झाला की नंतर 'ब्लेमलेस पोस्टमॉर्टम' करतात. काय घडलं, कशामुळे घडलं, पुन्हा घडू नये म्हणून काय करायचं हे लिहून काढायचं, पण कोणाला दोष द्यायचा नाही. कल्पना शहाणपणाची आहे. दोष द्यायला लागलं की माणसं लपवाछपवी करतात आणि खरं कारण कळतच नाही. आजोबांच्या पंधरवड्याच्या माराचं हे नेमकं उलट टोक.

दोन वर्षांपूर्वी एका शुक्रवारी मी एका सेटिंगमधला आकडा बदलला. चुकीचा. माझा एक ज्युनिअर सहकारी त्या संध्याकाळी ड्यूटीवर होता. त्याने नेहमीप्रमाणे सगळ्यांचे बदल एकत्र पुढे पाठवले आणि रात्री दोन तास सेवा अडखळत राहिली. फोन त्यालाच आले. सोमवारी अहवाल मी लिहिला. त्यात वाक्य होतं, 'कॉन्फिगरेशनमध्ये चुकीचं मूल्य गेलं.' गेलं. आपोआप. कप फुटला तसं. कोणाचं नाव लिहायचं नाही हा नियमच होता, त्यामुळे मी काही खोटं लिहिलं नव्हतं. पण त्या रात्री बटण कोणी दाबलं होतं हे सगळ्यांना माहीत होतं. पुढचे काही आठवडे चहाच्या वेळी चेष्टा त्याची होत राहिली. मी हसत होते असं नाही. मी गप्प होते.

'सॉरी म्हटलं ना' म्हणणारा भाचा आणि मी यांच्यात वयाशिवाय फारसा फरक नाही. त्याने शब्द उच्चारून जबाबदारी झटकली, मी क्रियापद निवडून झटकली. दोष न देण्याची पद्धत ही जबाबदारी न घेण्याची पद्धत नाही. पहिली इतरांनी माझ्याशी कसं वागावं याबद्दल आहे, दुसरी मी स्वतः काय म्हणावं याबद्दल. हे मला कळलं तेव्हा तीन महिने उलटले होते. एक दिवस कॅन्टीनमध्ये मी त्याला म्हटलं, "त्या शुक्रवारचा बदल माझा होता. माझ्या हातून झालं. मी तेव्हाच सांगायला हवं होतं." तो म्हणाला, "माहीत होतं. त्याच रात्री ब्लेम काढून पाहिलं होतं." कोडची कोणती ओळ शेवटी कोणी बदलली हे दाखवणारी एक साधी कमांड असते, तिचं नावच 'ब्लेम'. त्याला पहिल्या रात्रीपासून माहीत होतं आणि तो तीन महिने वाट बघत होता किंवा वाट बघणं सोडून दिलं होतं. मी विचारलं नाही. सोमवारी मी सगळ्यांसमोरही सांगितलं, पण तोवर ती बातमी शिळी झाली होती.

*

किआरोस्तमीच्या सिनेमाकडे माझी एक तक्रार आहे. अहमदला हे सगळं आलं कुठून? आईने शिकवलं नाही, मास्तरांनी नाही, आजोबांनी तर नाहीच. सिनेमा बघून असं वाटू शकतं की मुलं जन्मतःच न्यायी असतात आणि मोठे त्यांना बिघडवतात. हे मला पटत नाही. माझा भाचा वाईट नाही, पण तो अहमदही नाही. तो त्या वेळी मुलीच्या डोळ्यांकडे बघतच नव्हता. अहमदला सगळं दिसलं कारण वर्गात तो त्या रडणाऱ्या मुलाच्या शेजारी बसला होता. कॅमेराही आपल्याला तिथेच बसवतो आणि बराच वेळ उठू देत नाही. आपल्या कृतीचा परिणाम ज्याच्यावर होतो त्याचा चेहरा नीट बघणं, याला पर्याय नाही. 'सॉरी म्हण' ही आज्ञा मुलाला नेमकं त्या चेहऱ्यापासून लवकर सोडवते.

आणि सिनेमात एक मोठं माणूस आहे जे वेगळं वागतं. पोश्तेमधला म्हातारा सुतार. गावातली लाकडी दारं-खिडक्या एकेकाळी याने केलेल्या, आता लोक लोखंडी दारं बसवतायत. अंधार पडल्यावर तो अहमदला घर दाखवायला निघतो. तो फार हळू चालतो, धापा टाकतो, आपल्या दारांबद्दल बोलत राहतो. वाटेत एक फूल खुडून अहमदला देतो, वहीत ठेव म्हणतो. आणि शेवटी ज्या घरी नेतो ते चुकीचंच घर असतं. अहमद वही शर्टाखाली लपवून परत येतो, पण म्हाताऱ्याला तो तसं सांगत नाही. उपयुक्ततेच्या हिशेबात म्हातारा नापास. तरी संबंध सिनेमात तो एकटाच मुलाला काही करायला सांगत नाही, त्याच्या कामात त्याच्यासोबत चालतो. मोठ्यांच्या हातात बहुधा एवढंच असतं. उत्तर माहीत नसताना सोबत चालणं.

शेवट मी सांगणार आहे, कारण तो न सांगता मुद्दा पुरा होत नाही. अहमद घरी येतो, जेवत नाही, आणि रात्री बसून दोघांचा गृहपाठ करतो. दुसऱ्या दिवशी उशिरा वर्गात पोहोचतो आणि वही नेमतझादेसमोर सरकवतो. मास्तर पान उलटतात, गृहपाठ झालेला आहे, शाबास म्हणतात. पानांत ते फूल आहे. नियमाने पाहिलं तर ही फसवणूक आहे. आईची आज्ञा मोडली, मास्तरांना फसवलं. पण त्याने ज्याचं नुकसान होणार होतं त्याचं नुकसान होऊ दिलं नाही. यात एक कडू गोष्टही उरते. मास्तरांना काही कळत नाही. उद्या ते दुसऱ्या कोणाचा कागद फाडतील. मुलाच्या जबाबदारीने मोठ्यांची व्यवस्था सुधारत नाही, आणि सुधारावी ही अपेक्षा त्याच्याकडून करणंही क्रूरच.

*

त्या पावसाळी संध्याकाळी मी काही शहाणपणा केला नाही. ती मुलगी रडत घरी गेली. वही आमच्याकडेच राहिली. रात्री मी भाच्याला एवढंच विचारलं, "उद्या शाळेत तिला काय लागेल?" तो बराच वेळ गप्प होता. मग म्हणाला, "वही." थोड्या वेळाने, "कोरडी." आम्ही दोघांनी पानांच्या मध्ये वर्तमानपत्राचे कागद घातले, पंखा पाचवर ठेवला, आणि मी त्याला सांगितलं की माझ्या हातून पण ऑफिसात एकदा असंच झालं होतं आणि मी तीन महिने सांगितलं नव्हतं. "तीन महिने?" तो म्हणाला. त्याला ते फारच वाटलं. मग त्याने एका कोऱ्या कागदावर तिच्यासाठी नवा मासा काढला.

सकाळी तो एकटा तिच्या दारात गेला. मी जिन्यात उभी होते. "माझ्या हातून पाणी सांडलं," तो म्हणाला, हे वाक्य त्याला रात्री माझ्याकडूनच मिळालं असणार. तिने वही घेतली, मासा बघितला आणि म्हणाली, "माझा असा नव्हता." दार लागलं.

तो वर आला. मला वाटलं रडेल. त्याने चपला काढल्या आणि म्हणाला, "तिला आवडला नाही." मग थोडं थांबून, "पण पानं वाळलीत सगळी. मी हात लावून बघितली."